जनुकोपचाराची किंमत कोणी ठरवायची?

रोगाचे मूळ सदोष जनुकात असेल, तर निर्दोष जनुक पेशीत पोहोचवावे, ही कल्पना सोपी आहे. अडचण आहे ती पोहोचविण्याची. डीएनएचा रेणू मोठा व ऋणभारित असल्याने पेशीचे आवरण त्याला सहजासहजी आत घेत नाही. मात्र या आवरणावर ग्राही नावाचे रेणू असतात. त्यांना जुळणारे प्रथिन चिकटले की पेशी ते आपण होऊन आत ओढून घेते. जॉर्ज वू व कॅथरिन वू या अमेरिकेतील संशोधकांनी १९८७ मध्ये यकृतपेशींच्या ग्राहीला जुळणाऱ्या प्रथिनावर डीएनए बांधून तो त्या पेशींत पोहोचविला. त्याच ग्राहीच्या मार्गाने, परंतु प्रथिनाऐवजी शर्करेच्या साहाय्याने, यकृतात जाणाऱ्या गिवोसिरान या औषधाला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. निरुपद्रवी केलेल्या विषाणूचे प्रथिनकवच हाही असाच एक वाहक होय.

शास्त्रज्ञांचे काम येथवर आले. अर्थशास्त्राचा प्रश्न येथून सुरू होतो. अशा कवचातून जनुक नेणारे ‘झोलजेन्स्मा’ हे बालकांच्या मेरुरज्जूजन्य स्नायुक्षयावरील औषध मे २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याच्या एका मात्रेची किंमत २१ लाख २५ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १५ कोटी रुपये ठेवण्यात आली. एवढ्या रकमेसाठी आपल्याकडील आईबापांना जनतेपुढे हात पसरावे लागले. दुर्मीळ रोगांविषयीच्या राष्ट्रीय धोरणानुसार २०२२ पासून मिळणाऱ्या साहाय्याची मर्यादा आहे रुग्णामागे ५० लाख रुपये.

रुग्ण थोडे आणि संशोधनाचा खर्च अफाट, असे उत्पादक सांगतात. त्यात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच. एकाधिकार असलेल्या वस्तूची किंमत उत्पादनखर्चावरून ठरत नाही. ग्राहक किती देऊ शकेल यावरून ठरते. येथे तो ग्राहक म्हणजे श्रीमंत देशांतील विमा कंपन्या होत. त्यांना परवडणारा भाव मग साऱ्या जगाचा भाव ठरतो.

दुसरा मार्ग नाही असे मात्र नव्हे. मुंबईची आयआयटी व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून साकारलेल्या ‘नेक्सकार१९’ या कर्करोगावरील उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यातही विषाणू-वाहकाकरवीच रुग्णाच्या पेशींत जनुक घातले जाते. परदेशातील तत्सम उपचारांच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात तो उपलब्ध झाला. तरीही ती रक्कम एखाद्या कारकुनाच्या कित्येक वर्षांच्या वेतनाएवढी आहे, हे विसरून चालणार नाही.

म्हणून सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले संशोधन कंपनीच्या हाती देतानाच शासनाने किमतीची अट घातली पाहिजे व उत्पादनखर्चाचा हिशेब मागितला पाहिजे. महागड्या औषधांची खरेदी शासनाने एकत्रितपणे, आणि गुण येईल त्या प्रमाणात हप्त्याने करावी. करदात्याने संशोधनासाठी एकदा पैसे मोजलेले असतात. आपल्या मुलाच्या उपचारासाठी त्यानेच पुन्हा वर्गणी मागत फिरावे, ही कोणत्याही कल्याणकारी राज्याला शोभणारी गोष्ट नव्हे.