होडीला चिकटलेली कार्पेटची पाठ

चवथ आटोपली, पावसाचा जोर ओसरला आणि माडाखाली उपडी पडलेली आमची फायबरची होडी आम्ही सुलटी केली. शापोरा नदीत पाहुण्यांना फिरवून आमचे धाकटे भावजी हिच्यावर चार पैसे मिळवितात. पाहुण्यांचे पाय घसरू नयेत म्हणून पाच वर्षांपूर्वी तिच्या तळाला हौसेने हिरवे कार्पेट डकविले होते. खारे पाणी पिऊन पिऊन ते कुजले होते. ओढताच वरचे केस सहज निघून आले. काळी रबरी पाठ मात्र करपलेल्या भाताच्या खरवडीसारखी तळाला घट्ट बसून राहिली.

पहिली चूक आम्हीच केली. भावजींनी पटाशी घेतली आणि आम्ही 'जोर लावा' म्हणालो. हातभर पट्टा निघाला खरा, पण त्याबरोबर होडीची पांढरी साल निघून आतले काचेचे तंतू दिसू लागले. या सालीला गेलकोट म्हणतात. तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. ती फाटली की पाणी तंतूंत झिरपू लागते. तारेचा ब्रश लावलेले ग्राइंडर यंत्र तर पटाशीहूनही घातक.

वाचकहो, खरे म्हणजे येथे दोन शत्रू असतात: वरची रबरी पाठ आणि तिच्याखालचा गोंद. दोघांना औषध एक नव्हे. पाठ प्रथम कढत साबणपाण्याच्या ओल्या गोणपाटाखाली रात्रभर ठेवावी. जुनी असेल तर बरीचशी भुसभुशीत होते. उरलेल्या भागावर मिनरल टर्पेंटाइनचा बोळा दाबला की रबर फुगते आणि बांबूच्या धारदार कामटीने खरवडता येते. खालचा पिवळट गोंद मात्र टर्पेंटाइनला सहसा दाद देत नाही. त्याला ॲसिटोन लागते. फडके भिजवून हातभर जागेवर दोन-तीन मिनिटे ठेवावे, लगेच कामटी चालवावी आणि पुसून घ्यावे. ॲसिटोन तेथे फार वेळ मुरू दिले तर गेलकोटच मऊ पडतो. म्हणून आधी बाकाखालच्या कोपऱ्यात लहानशी परीक्षा घ्यावी.

आणखी एक गोष्ट आम्हांला वेळेवर सुचली, हे नशीब. होडी बुडू नये म्हणून बाकाखालच्या पोकळीत पुष्कळदा थर्मोकोल भरलेले असते. स्क्रूच्या भोकांतून ॲसिटोन आत उतरले तर ते विरघळून जाते आणि बाहेरून कोणाला पत्ताही लागत नाही. भोके आधी मेणाने बुजविली.

ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या पोटात साचते आणि एका ठिणगीने भडकते. काम उघड्यावर, वारा असताना करावे. मुलांना जवळ फिरकू देऊ नये. शेजारचे काका विडी ओढीत चौकशीला आले, त्यांना आम्ही लांबूनच परतविले. दोन दिवस रुसले होते बिचारे! फडकी उघड्यावर पसरून वाळविली. खरवडलेला गाळ पोत्यात भरला. ज्या नदीत बायका तिसऱ्या काढायला उतरतात, तिच्यात तो लोटण्याचा धीर आम्हांला झाला नसता.

सहा सकाळी लागल्या. पाचव्या सकाळी डाव्या बाकाजवळचा गोंद निघाला आणि खाली वीतभर लांबीचा तडा दिसला. भावजी गप्पच बसले. गेल्या हंगामात याच होडीतून पाहुण्यांची लेकरेबाळे नेली होती, आणि तडा त्या हिरव्या गालिच्याखाली निवांत वाढत होता. मिस्त्रीला बोलावून काचेचे कापड व रेझिन लावून तो भरून घेतला. पटाशीची जखमही त्याच हाताने बुजविली.

नवे कार्पेट आणण्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. तळाला फायबरला चालणारा रंग दिला आणि ओल्या रंगावर गोड्या पाण्यात धुऊन वाळविलेली बारीक वाळू भुरभुरविली. ती पायाला किंचित टोचते, पण पाय घसरत नाही.