शाळेचा निकाल कोणाचा ?

परीक्षांचे निकाल लागून नव्या वर्षाच्या शाळा उघडण्याची वेळ आली म्हणजे घरोघर एकच विषय निघतो. पांचवीत जाणाऱ्या मुलाचें नांव कोणत्या शाळेंत घालावें ? आजोबा म्हणतात, "मी नगरपालिकेच्या शाळेंतच शिकलों, माझें कांहीं अडलें नाहीं." त्यावर चिरंजीव उत्तर देतात, "बाबा, तुमच्या वेळची शाळा आतां राहिली नाहीं. निकाल किती खालीं आला आहे तो पाहा !" येथें वाद संपतो व मुलगा खाजगी इंग्रजी शाळेंत जातो. मुलास कोठें घालावें हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे; त्यांत पडण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु निकाल उतरला म्हणून शाळा बिघडली, हें अनुमान मात्र तपासून घेण्यासारखें आहे.

एक साधें गणित करूं. समजा, एका शाळेच्या आठवीच्या वर्गांत ४० मुलें आहेत. त्यांतील ३० सुशिक्षित घरांतलीं व १० अशा घरांतलीं, कीं जेथें पाटी-पुस्तक हातीं घेणारी ही पहिलीच पिढी. पहिल्या ३० पैकीं २७ मुलें चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण होतात, दुसऱ्या १० पैकीं ५. एकूण ३२, म्हणजे निकाल शेंकडा ८०. कांहीं वर्षांनीं सुशिक्षित घरांनीं शाळा सोडली; त्यांचीं १० मुलें उरलीं व दुसऱ्या वर्गांतलीं ३० झालीं. मास्तरांनीं कसून मेहनत केली. पहिल्या १० पैकीं ९ व दुसऱ्या ३० पैकीं १८ मुलें उत्तीर्ण झालीं. पूर्वीं गरिबाघरचीं निम्मींच मुलें वर येत, आतां शेंकडा ६० येऊं लागलीं. सुशिक्षितांच्या मुलांचें प्रमाण तेंच राहिलें. तरी एकूण निकाल ६७॥ वर उतरला ! शाळा सुधारली आणि तक्त्यावर मात्र ती बिघडलेली दिसली. उणें झालें तें शिकवण्यांत नव्हे. वर्गांत बसणारीं मुलें बदललीं.

हा बदल कांहीं वाईट नव्हे; त्याचसाठीं थोरांनीं आयुष्य वेंचलें. रयतेच्या करांतून चालणाऱ्या शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांसच मिळतो, ही तक्रार जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मांडली. ना. गोखले यांनीं १९११ सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल आणलें. तें नामंजूर झालें. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापूर संस्थानांत असें शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. पुढें २००९ च्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास तो हक्क दिला. आज सार्वजनिक शाळेच्या बांकावर ऊसतोडीसाठीं दिवाळीच्या सुमारास गांव सोडणाऱ्या कुटुंबांतील मुलें असतात. बांधकामावर आलेल्या मजुरांचीं, घरीं कानडी, तेलुगू किंवा हिंदी बोलणारीं मुलेंही असतात. ज्यांनीं तेथें यावें म्हणून इतका खटाटोप झाला, तींच हीं मुलें.

मुलाच्या गुणांत घराचा वांटा किती मोठा असतो, हें अमेरिकेंत १९६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या जेम्स कोलमन यांच्या अहवालानें दाखवून दिलें. सुमारें ६ लाख विद्यार्थ्यांची पाहणी करून त्यांनीं असें मांडलें कीं, इमारत, ग्रंथालय इत्यादि साधनांच्या फरकापेक्षां घरच्या परिस्थितीचा संबंध मुलाच्या प्रगतीशीं अधिक निकट असतो. दुसरी गोष्ट आपणांस अधिक विचार करावयास लावणारी आहे : शेजारीं बसणारे सोबती कोणत्या घरांतून येतात, याचाही परिणाम होतो, व तो गरीब मुलांवर विशेष होतो. म्हणजे आपण शाळा सोडतों तेव्हां आपल्या मुलाचे गुण तर नेतोंच. परंतु मागें राहिलेल्या मुलाचा एक आधारही काढून घेतों.

यावरून सार्वजनिक शाळांत सर्व आलबेल आहे, असें कोणी समजूं नये. 'असर' या ग्रामीण भारताच्या पाहणींत, २०२२ सालीं आठवींतील मुलांपैकीं दुसरीच्या पुस्तकांतील उतारा वाचूं शकणारीं शेंकडा ६९.६ च होतीं. म्हणजे सुमारें तीस मुलांस तो वाचतां येत नव्हता. हा दोष झांकून चालणार नाहीं. परंतु त्याच पाहणीप्रमाणें ६ ते १४ वयाच्या मुलांत सरकारी शाळेंत जाणारांचें प्रमाण २०१८ सालीं ६५.६ होतें, तें कोरोनाच्या सांथीनंतर २०२२ सालीं ७२.९ झालें व २०२४ सालीं पुन्हां ६६.८ वर आलें. वर्ग इतक्या झपाट्यानें भरत व रिते होत असतां, दोन वर्षांचे निकाल शेजारीं ठेवून मास्तरांवर खापर फोडणें न्यायाचें नाहीं.

मग शाळेची परीक्षा कशी घ्यावी ? पांचवीत आलेल्या मुलास काय येत होतें व आठवी सोडतांना काय येऊं लागलें, हें विचारावें. मध्येंच किती मुलें गळालीं, हें विचारावें. मुलगा कोठें पोहोंचला याइतकेंच तो कोठून निघाला हें पाहावें. शिडीच्या मधल्या पायरीवरून वर गेलेल्याचें कौतुक करतांना, जमिनीवरून चढून मधली पायरी गांठणाऱ्यास नापास ठरवूं नये.

आणि एक घरगुती गोष्ट. आपल्याकडे धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाईंची मुलगी बहुधा त्याच शाळेंत जाते. तिला सायंकाळीं धडा वाचून दाखविणारें घरीं कोणी नसतें. आपल्या घरांत आजोबा आहेत, आजी आहेत, वेळ आहे आणि वर्तमानपत्रही येतें. रोज अर्धा तास तिला आपल्या नातवंडांसमवेत बसवून मोठ्यानें वाचावयास लावावें. ज्या शाळेनें आपल्या घराच्या एका पिढीस अक्षर दिलें, तिचें देणें फेडण्याचा हा लहानसा मार्ग आपल्या ओसरीवरच आहे.