अकरा महिन्यांच्या शहरात दोन महिन्यांचा मुक्काम

उन्हाळी परीक्षा आटोपल्या की राज्याच्या कानाकोपऱ्यांतील विद्यार्थी इंटर्नशिपसाठी मुंबईची वाट धरतात. बँका, वकिलांच्या पेढ्या, वास्तुरचनाकारांची कार्यालये, वृत्तसंस्था, जाहिरात कंपन्या अशा ठिकाणी त्यांना सहा-आठ आठवड्यांचे काम मिळते. मिळत नाही ती या मुदतीपुरती परवडणारी जागा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांकांचे मोल आले. त्यामुळे एकेकाळी हौशी मानली जाणारी इंटर्नशिप आता अनेक अभ्यासक्रमांचा भाग झाली आहे. साहजिकच निवाऱ्याचा प्रश्न मूठभर विद्यार्थ्यांपुरता उरलेला नाही.

मुंबईत घरे महाग आहेत, ही नेहमीची तक्रार येथेही लागू पडते. तथापि या प्रश्नाचे मूळ केवळ भाड्याच्या आकड्यात नाही, ते मुदतीत आहे. शहरातील भाडेव्यवहार अकरा महिन्यांच्या मापाने बेतलेला आहे. दोन महिन्यांसाठी येणारा त्या मापात बसत नाही आणि म्हणून सर्वांत कमी मिळकत असूनही दरमहा सर्वांत जास्त किंमत त्यालाच मोजावी लागते.

अकरा महिन्यांचे गणित

अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आली. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्या कायद्याने सक्तीची केली आणि ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांचा करार रूढ झाला. वस्तुतः महाराष्ट्रात या प्रथेचे कारण केव्हाच संपले आहे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी करणे मुदत कितीही असली तरी बंधनकारक आहे. ही जबाबदारी घरमालकाची आहे. दोन महिन्यांच्या करारालाही कायद्याची आडकाठी नाही.

सरकारी खर्चही फारसा नाही. शहरी भागात नोंदणी शुल्क एक हजार रुपये आणि मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के आहे. करार घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येतो. खरा भार पडतो तो अनामत आणि दलालीचा. समजा, दरमहा दहा हजार रुपये भाड्याची जागा आहे, दोन महिन्यांचे डिपॉझिट आहे आणि एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून द्यायचे आहे. पाऊल ठेवतानाच ४० हजार रुपये हाती असायला हवेत. अकरा महिने राहणाऱ्यासाठी दलालीचा बोजा महिन्याला सुमारे ९०० रुपये पडतो, तर दोन महिने राहणाऱ्यासाठी पाच हजार. म्हणजे एकाच जागेचे भाडे एकाला अकरा हजारांच्या आत पडते, तर दुसऱ्याला पंधरा हजार.

घरमालकाची बाजूही समजून घ्यायला हवी. दर दोन महिन्यांनी नवा माणूस शोधायचा, त्याची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची, पुन्हा करार नोंदवायचा आणि मधले रिकामे दिवस सोसायचे, हा व्याप कुणाला नको असतो. त्यात अविवाहित तरुण म्हटले की अनेक गृहनिर्माण सोसायट्या नाक मुरडतात. परिणामी ही मागणी कॉट बेसिसच्या, बहुधा नोंदणी नसलेल्या, तोंडी व्यवहाराकडे ढकलली जाते. दलाली वाचते, पण डिपॉझिट परत मिळेल याची शाश्वती नसते. तीन किंवा सहा महिन्यांची किमान मुदत आधी घालायची आणि लवकर जागा सोडणाऱ्याची अनामत कापायची, हा प्रकार सर्रास चालतो. हातात कागद नसल्याने विद्यार्थ्याला दादही मागता येत नाही.

विद्यावेतन पाच हजार, खाट दहा हजार

केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान इंटर्नशिप योजना प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. त्या वेळी प्रशिक्षणार्थीस दरमहा पाच हजार रुपये आणि एकदाच सहा हजार रुपये देण्याचे ठरले. छोट्या शहरासाठी आणि मुंबईसाठी रक्कम एकच. राज्य सरकारच्या २०२४ मधील मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार सहा, आठ आणि दहा हजार रुपयांचे विद्यावेतन ठरवण्यात आले. तेथेही शहरानुसार फरक नव्हता. अंधेरी, पवई किंवा वांद्र्यात वाटून घेतलेल्या खोलीतील एका खाटेसाठी दहा हजारांच्या आसपास मोजावे लागत असताना ही रक्कम भाड्यातच संपते. जेवण आणि प्रवास घरच्यांच्या माथी.

केंद्राच्या योजनेच्या पहिल्या फेरीचे आकडे या दृष्टीने बोलके आहेत. कंपन्यांनी ८२ हजारांहून अधिक प्रस्ताव दिले. त्यांपैकी २८ हजारांच्या आसपास स्वीकारले गेले आणि प्रत्यक्षात नऊ हजारांपेक्षाही कमी उमेदवार रुजू झाले. या गळतीची कारणे अनेक आहेत. कामाचे स्वरूप आणि बारा महिन्यांचा कालावधी हीही त्यांत आली. मात्र घरापासूनचे अंतर हे त्यांतील एक प्रमुख कारण होते. ज्याचे नातेवाईक मुंबईत आहेत किंवा ज्याचे वडील दोन महिने खर्च सोसू शकतात, त्यालाच संधी घेता येते. इतरांनी कल्याणपलीकडे किंवा विरारला स्वस्त जागा शोधायची आणि रोजचे तीन-चार तास लोकलमध्ये घालवायचे. गुणवत्तेची चाळणी लागण्यापूर्वीच ऐपतीची चाळणी लागते ती अशी.

सवलतींनाही मुदतीची अट

धोरणकर्त्यांनी दिलेल्या सवलतीही दीर्घ मुक्कामाच्या बाजूने झुकलेल्या आहेत. जून २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने शैक्षणिक संस्थांबाहेरील वसतिगृहांच्या निवासाला करमाफी देण्याची शिफारस केली आणि जुलैपासून ती लागू झाली. मात्र त्यासाठी दोन अटी आहेत. माणशी मासिक भाडे २० हजारांपर्यंत असावे आणि मुक्काम सलग किमान ९० दिवसांचा असावा. हॉटेलांनी करमाफीचा गैरफायदा घेऊ नये, हा अटीचा हेतू रास्त आहे. परंतु आठ आठवड्यांसाठी आलेला विद्यार्थी त्यामुळे आपोआप वगळला जातो. कर भरणाऱ्या मोठ्या वसतिगृहात त्याचा मुक्काम हॉटेलातील प्रवाशासारखाच धरला जातो.

नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्रीय योजना १९७२-७३ पासून आहे. प्रशिक्षण घेणाऱ्या मुलींनाही तेथे प्रवेशाची तरतूद आहे. परंतु नोकरदार महिलांना सामावून घेतल्यानंतर जागा उरली तरच आणि एकूण क्षमतेच्या ३० टक्क्यांच्या मर्यादेत. मुंबईसारख्या शहरात जागा उरण्याचा संभव किती, हे सांगायला नको.

मुंबईला हे जमले होते

अल्प मुक्कामाची सोय ही काही मुंबईला अपरिचित गोष्ट नाही. गोव्यातील खलाशांसाठी गावोगावच्या मंडळींनी धोबीतलाव, दाबूळ परिसरात ‘कूड’ उभारले. जहाज मिळेपर्यंत नाममात्र भाड्यात तेथे राहता येई. त्यांतील काही आजही टिकून आहेत. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातील आणि घाटावरील गावांच्या ग्रामस्थ मंडळांनी घेतलेल्या खोल्यांत गिरणी कामगार पाळीपाळीने झोपत. या सोयी आदर्श नव्हत्या. दाटी होती आणि प्रवेश गाव-जातीच्या ओळखीवर मिळे. तरीही त्यांचे तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. जागा संस्थेच्या नावावर कायम राही आणि माणसे बदलत. दर नव्या माणसामागे नवा करार, नवी दलाली असा प्रकार नव्हता.

सरकारने असा प्रयत्न केलाच नाही असे नाही. एमएमआरडीएने २००८ मध्ये १६० चौरस फुटांच्या घरांची भाडेतत्त्वावरील योजना आणली. पण ती भाड्याची योजना म्हणून तगली नाही. पनवेलजवळील कोन येथील सुमारे २,४०० घरे २०१६ मध्ये सोडत काढून गिरणी कामगारांना मालकी हक्काने देण्याचे ठरले. कामगारांचा हक्क निर्विवाद होता. मात्र भाड्यासाठी बांधलेली घरे अखेर मालकीकडेच वळतात, हा आपल्या गृहनिर्माण धोरणाचा कल त्यातून स्पष्ट झाला.

रिकाम्या खोल्या, शोधणारे विद्यार्थी

जागाच नाही, हे म्हणणेही तपासून घ्यावे लागेल. २०११ च्या जनगणनेच्या आधारे २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी असल्याचे म्हटले होते. ती सारी बाजारात येणे कठीण. पण महाविद्यालये व विद्यापीठांच्या वसतिगृहांचे तसे नाही. विद्यार्थी सुटीत गावी जातात तेव्हा, म्हणजे नेमक्या इंटर्नशिपच्या हंगामात, तेथील अनेक खोल्या मोकळ्या होतात. न्यूयॉर्क विद्यापीठ आपली वसतिगृहे उन्हाळ्यात बाहेरून आलेल्या इंटर्नना भाड्याने देते. मुंबईत दुरुस्ती, सुरक्षा आणि परीक्षांचे लांबणारे वेळापत्रक या अडचणी खऱ्या आहेत. परंतु विद्यापीठाने हमी द्यायची आणि कंपनीने भाडे थेट संस्थेकडे भरायचे, एवढी व्यवस्था झाली तरी डिपॉझिट आणि दलाली हे दोन मोठे अडसर दूर होतील.

त्यापुढील पावलेही अवघड नाहीत. अधिकृत इंटर्नशिपचे पत्र असणाऱ्यास ९० दिवसांच्या अटीतून वगळता येईल. विद्यावेतन शहराच्या खर्चाशी जोडता येईल. कंपन्यांना दहा-बारा खाटांची जागा वर्षभरासाठी स्वतःच्या नावावर घेऊन ती फिरत्या इंटर्नना देता येईल. जुन्या कूडांनी नेमके हेच केले होते. इंटर्नकडून काम करून घेणाऱ्यांनी त्याच्या निवाऱ्याचा विचार त्याच्या पालकांवर सोडला आहे, तो अर्धा तरी स्वतःकडे घ्यावा लागेल. अन्यथा मुंबईतील कार्यालयांत शिरण्याचा मार्ग मुंबईत आधीच घर असलेल्यांसाठीच मोकळा राहील आणि श्रेयांकांची सक्ती मात्र सर्वांवर सारखीच असेल.