शिष्यवृत्ती हवी, पण भारत नको?

शिक्षणधोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी अर्ज करणाऱ्याला परदेशी विद्यापीठे विचारतात : हाच विषय का? दलित वा भटक्या-विमुक्त विद्यार्थ्याचे खरे उत्तर त्याच्या वस्तीवरच्या शाळेत असते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून मात्र २०२२च्या नियमांनी भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. म्हणजे फिनलंडच्या शाळा अभ्यासाव्यात, आपल्या तालुक्याच्या नव्हेत! सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या बाबासाहेबांनी १९१६ साली तेथे निबंध वाचला तो भारतातील जातिसंस्थेवरच. संस्थानिकाला जे खपले ते लोकनियुक्त सरकारला खपू नये? कार्यकर्त्यांनी विद्यार्थ्यांना अर्ज भरण्यास साहाय्य करावेच. परंतु हे कलम रद्द करण्याची मागणीही प्रत्येक जिल्ह्यातून दिल्लीला गेली पाहिजे.