मागची गाडी कोण बघणार?

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. रात्रीचे साडेबारा झाले असतील. आमच्या वरळीच्या बीडीडी चाळीत हल्ली रात्री कुणाला धड झोप लागत नाही. जुन्या चाळी पडतायत, शेजारी टॉवर उभे राहतायत, आणि त्यांचं लोखंड रात्रीच येतं. त्या रात्री सळ्यांनी भरलेला एक लांबलचक ट्रेलर उलटा आत घ्यायचा होता. पुढे एक माणूस, मागे एक माणूस, दोघांच्या हातात बॅटऱ्या. ड्रायव्हर दोनदा खाली उतरला, चालत मागं जाऊन बघून आला, परत चढला. वीस मिनिटं लागली, पण कुठं खरचटा उठला नाही. मी मनातल्या मनात त्या माणसाला हात जोडले.

गावाहून आलेला माझा पुतण्या माझ्याबरोबर खिडकीत उभा होता. तो म्हणाला, "तात्या, हाय काय त्यात? ट्रॅक्टर मी आठवीपासनं चालवतोय. एजंट बोललाय, पैसं दिलं की हेवीचं लायसन हातात. टेस्टला निस्तं जाऊन उभं ऱ्हायाचं. तेवढं पैसं तुमी द्या."

मी पैसे देणार नाही म्हणालो. तीन दिवस पोरगं माझ्याशी बोललं नाही. चौथ्या दिवशी गावाहून वहिनींचा फोन. "भावजी, पोराच्या पोटावर पाय देताय व्हय?"

वहिनींना फोनवर मला नीट सांगता आलं नाही. ते इथं सांगतो. आणि एकट्या वहिनींना नाही, पोराला लायसन "काढून" देणाऱ्या प्रत्येक बापाला, काकाला आणि मामाला सांगतो.

आमची खोली एकशे साठ चौरस फुटांची. इंग्रजांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं शंभर वर्षांपूर्वी बांधलेली. त्या खोलीत आमच्या घरची चार माणसं आणि गावाकडची पाच-सहा, अशी नेहमी दाटी असायची. त्यातच माझा थोरला चुलतभाऊ होता. त्याला आम्ही दादा म्हणायचो. गिरणीत बदली कामगार होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गिरणीचा भोंगा थांबला. वर्षभर वाट बघून दादा वळकटी घेऊन कराडकडं गावी गेला. दोन म्हशी घेतल्या. रोज पहाटे दुधाच्या किटल्या मोपेडला अडकवून डेअरीवर जायचा.

१९९८ चा जानेवारी. उसाचा हंगाम भरात होता. गावाबाहेरच्या वळणावर उसानं भरलेली ट्रॉली रात्री पंक्चर झाली होती. ड्रायव्हरनं ट्रॅक्टर सोडवून नेला आणि ट्रॉली तशीच रस्त्यात ठेवली. चाकांना दगड लावले. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, साधी पांढरी पिशवीसुद्धा बांधलेली नाही. पहाटेच्या धुक्यात दादा त्या ट्रॉलीवर गेला.

संपानं दादा मेला नव्हता. उपासानं मेला नव्हता. एका न लावलेल्या दिव्यानं मेला.

दुपारी ट्रॉली हलवली. दगड मात्र तिथंच रस्त्यात राहिले. ते मी आणि माझ्या भावानं उचलून कडेला टाकले. आणि ट्रॅक्टर चालवणारा कोण होता? आमच्याच भावकीतला पोरगा, सतरा वर्षांचा. चांगला होता हो पोरगा. मैताला तोच सगळ्यांत जास्त रडत होता. ट्रॉली रस्त्यात सोडली तर मागं काय लावायचं असतं, हे त्याला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं.

आता माझं स्वतःचं. मीही धुतल्या तांदळाचा नाही. संपानंतर मी क्लीनर म्हणून गाडीवर चढलो आणि १९८५ साली हेवीचं लायसन काढलं. कुठं काढलं ते सांगून उपयोग नाही. ज्यांनी तसं काढलं ते न सांगता ओळखतील. रिकामा ट्रक, सरळ मैदान, शंभर पावलं पुढे, दहा पावलं मागे, झालं. पुढं न्हावाशेवा बंदर सुरू झालं, कंटेनरचं काम वाढलं आणि मी एक दिवस ट्रकवरून थेट चाळीस फुटी ट्रेलरवर बसलो. मधे ना शिकवणी, ना चाचणी. पहिल्याच आठवड्यात भिवंडीच्या एका गोदामात ट्रेलर उलटा घेताना भिंत पाडली. भिंतीच्या आणि ट्रेलरच्या मधे आमचा क्लीनर होता. त्यानं उडी मारली म्हणून तो वाचला आणि मीही वाचलो. माझ्या खिशात तेव्हा पक्कं लायसन होतं.

म्हणून माझा मुद्दा साधा आहे. ज्या परीक्षेत मागं जोडलेल्या गाडीबद्दल एक प्रश्नही विचारला जात नाही, ती परीक्षा ट्रॉलीवाल्याची नाही आणि ट्रेलरवाल्याचीही नाही. ते निव्वळ शिक्का मारणं आहे. आणि तो शिक्का विकत घेणारे आपणच आहोत.

नियमात काही नाही असं समजू नका. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत चाचणीची भली मोठी यादी आहे. आरसा लावून घेणं, अरुंद जागेत गाडी उलटी घेणं, चढावर थांबवून मागं न घसरता पुन्हा काढणं, सगळं लिहिलंय. ज्या प्रकारच्या वाहनासाठी अर्ज केला त्याच प्रकारच्या वाहनावर चाचणी द्यायची, हेही लिहिलंय. पण १९९४ साली कायद्यातले मध्यम, अवजड हे वेगळे वर्ग गेले आणि "परिवहन वाहन" असा एकच वर्ग आला. ट्रेलर जोडून उलटा घेऊन दाखव, असं मला किंवा माझ्या ओळखीतल्या एकाही ड्रायव्हरला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

ट्रॅक्टरचं तसंच. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकातल्या एका खटल्यात निकाल दिला की, ट्रॅक्टरचं लायसन असेल तर मागं ट्रॉली जोडली म्हणून ते रद्द ठरत नाही. निकाल विम्याच्या पैशाचा होता, आणि ज्याचं माणूस गेलं त्याच्या बाजूनं तो बरोबरच होता. पण कोर्ट भरपाई देऊ शकतं, हात शिकवू शकत नाही. हात शिकवायचं काम आपलं.

अमेरिकेत ट्रेलरच्या लायसनला माणूस गाडीत चढण्याआधी त्याला गाडीभोवती फिरवतात. हा भाग कोणता, इथं काय तपासायचं, हे बोट ठेवून सांगावं लागतं. हवेचे ब्रेक तपासून दाखवावे लागतात. मग जोडलेला ट्रेलर उलटा घ्यायचा आणि मग रस्ता. त्यासाठी अमेरिकेला कशाला जायचं म्हणा. आमच्याच मजल्यावर बेस्टचे एक ड्रायव्हर राहायचे. मी क्लीनर झालो तेव्हा ते म्हणाले होते, "आधी गाडीला प्रदक्षिणा घाल, मग चढ. देवळात घालतोस ना, तशी." मी हसलो होतो. भिंत पडल्यावर प्रदक्षिणा घालायला लागलो.

आता लोक काय म्हणतात ते बघू. पहिलं म्हणणं पुतण्याचंच. "आठवीपासनं चालवतोय." बाळा, तू शेतात चालवतोयस. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेतात बांधाशी वळताना एकच दाबायचा, म्हणजे ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल कडीनं एकत्र जोडावे लागतात. ते विसरलास आणि भरल्या ट्रॉलीसकट वेगात एकच ब्रेक दाबलास, तर ट्रॅक्टर आडवा होणार. म्हणजे शेतात जी हुशारी, तीच रस्त्यावर जीव घेणार. अनुभव आहे तुला, पण दुसऱ्या कामाचा.

दुसरं म्हणणं, "गरिबाला कशाला अडवता?" पूर्वी परिवहन लायसनला आठवी पासची अट होती. २०१९ साली ती काढली. मला आनंद झाला. शाळा सुटली म्हणून कुणाची रोजी सुटू नये. पण शाळेचा दाखला गेला म्हणजे मागं उरली फक्त चाचणी. तीच विकत घेतली तर उरलं काय? आणि मरतं कोण? ट्रॉलीवर मागून जाऊन आदळतो तो दूधवाला, दुसऱ्या पाळीवरून येणारा कामगार, सायकलवरची ऊसतोडणीवाली बाई. गरिबाचं नाव पुढं करून गरिबालाच मारायचं, हा न्याय मला मान्य नाही.

तिसरं म्हणणं खरं आहे. "मालक दुप्पट माल भरतो, दोन-दोन ट्रॉल्या जोडायला लावतो, ड्रायव्हर काय करणार?" मालकाला सोडू नकाच. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक ट्रॉलीचं वजन होतं. तिथंच मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर बघा. नसेल तर पावती देऊ नका. एका हंगामात जिल्हा सुधारेल. पण मालक सुधारेपर्यंत ड्रायव्हरनं शिकायचंच नाही, हे कुठलं शहाणपण?

म्हणून मी पुतण्याला माझी परीक्षा सांगितली. ती पास हो, मग सरकारची दे.

ट्रॉली जोडलीस की पिन बघ, पिनेची खालची क्लिप बघ. ट्रेलर असेल तर घोडा जोडल्यावर ट्रेलरचा ब्रेक धरून हलकेच पुढं ओढून बघ, आणि मग खाली उतरून कुलूप बसलंय का ते डोळ्यांनी बघ. हवेचा दाब पुरता भरल्याशिवाय चाक हलवू नकोस. उलटं घेताना स्टेअरिंग खालून धर; खालचा हात डावीकडं नेलास तर ट्रेलरची शेपूट डावीकडं जाते. वळणावर मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत, आत कापतात, म्हणून डाव्या बाजूचा मोटारसायकलवाला दिसेपर्यंत वळू नकोस. घाट ज्या गिअरमधे चढतात त्याच गिअरमधे उतरायचा. खंबाटकीला, बोरघाटात डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा गाडी चालवत नसतो, गाडी त्याला नेत असते. ब्रेक तापून गेले की मागचं ओझं घोड्याला ढकलतं आणि घोडा आडवा होतो. आणि गाडी बंद पडली तर आधी मागं लांबवर खूण लाव, मग मालकाला फोन कर. जाताना दगड उचल.

पुतण्या रागानं गावी गेला. दिवाळीनंतर भावाचा फोन आला. पोरगं ओढ्याकाठच्या माळावर चार जुने डबे मांडून रिकामी ट्रॉली उलटी घ्यायला शिकतंय. तीन डबे चेपले, म्हणाला.

मी पैसे पाठवले. शिकवणीच्या फीचे, आणि भावकीतल्या सगळ्या ट्रॉल्यांना पुरेल एवढ्या रिफ्लेक्टरच्या पट्टीचे. एजंटाचे नाहीत.

वहिनी अजून माझ्याशी बोलत नाहीत. चालेल.