लाजवाब, पण...

काही सिनेमे आवडतात. काही आवडत नाहीत. विषय संपला. पण एक तिसरी कॅटॅगरीही असते. दर वेळी बघताना सॉलिड मजा येते आणि दर वेळी संपल्यावर काहीतरी टोचत राहतं. माझ्या या कॅटॅगरीत गेली वीस वर्षं एकच सिनेमा ठाण मांडून बसलाय. 'द इन्क्रेडिबल्स'.

हो, तोच. पिक्सारचा, २००४ सालचा. लाल सूटमधली ती फॅमिली. आपल्याकडे तो हिंदीत 'हम हैं लाजवाब' या नावाने आला होता. बापाला आवाज शाहरुख खानचा आणि पोराला त्याच्या खऱ्याखुऱ्या पोराचा, आर्यनचा. मी तेव्हा शाळेत होते. शाहरुखसाठी गेले आणि वाऱ्यासारख्या पळणाऱ्या त्या पोरावर, डॅशवर, फिदा होऊन आले. त्या वयात एवढंच दिसलं.

मग शिक्षण झालं, नोकरी लागली, गळ्यात आयकार्ड आलं. आणि एका वीकेंडला तोच सिनेमा परत लावला. तेव्हा लक्षात आलं, अरे, हा तर आपल्या ऑफिसवरचा सिनेमा आहे!

आठवतेय ना गोष्ट? लोक सुपरहीरोंवर कोर्टात केसेस टाकायला लागतात. ज्याचा जीव वाचवला तोच माणूस म्हणतो, मला कुठे वाचायचं होतं? शेवटी सरकार या सगळ्यांना घरी बसवतं. नवं नाव, नवं गाव, गुपचूप संसार करा. १५ वर्षांनंतर आपला हीरो बॉब एका विमा कंपनीत क्युबिकलमध्ये कोंबल्यासारखा बसलेला दिसतो. पोट सुटलंय, केस मागे गेलेत, गाडी इतकी छोटी की तिच्यात घड्या घालून बसावं लागतं. समोर एक आजीबाई क्लेम नाकारला म्हणून रडकुंडीला आलेल्या. बॉब आधी चोरट्या नजरेने इकडेतिकडे बघतो, मग हळूच त्यांना सांगतो की कुठला फॉर्म भरा, कुठल्या डिपार्टमेंटला जा. आणि वर, जाताना जरा चिडल्यासारखं करा, म्हणजे कोणाला संशय येणार नाही!

आणि तो बॉस! उंचीने बॉबच्या कमरेएवढा, पण आवाज बघा. त्याची तक्रार काय, तर क्लायंट लोकांना आपल्याकडचे नियम कळायला लागलेत. कंपनी म्हणजे घड्याळ आणि माणसं म्हणजे त्यातली चाकं, हा त्याचा लाडका फंडा. खिडकीबाहेर एकाला भररस्त्यात लुटत असतात आणि हा बॉबला बजावतो, इथून हललास तर नोकरी गेली. पुढे बॉब त्याला एका हाताने उचलून भिंतींमधून आरपार फेकतो. मी तो सीन रिमोटने मागे नेऊन तीनदा बघितला. तुम्हीही बघितला असणार, उगाच साधेपणाचा आव आणू नका.

घरातली माणसंही अशीच बरोब्बर टिपलीत. बापाच्या अंगात ताकद. आई रबरासारखी ताणली जाणारी. कॉलेजच्या उंबरठ्यावरची नाही, पण त्याच वाटेवरची लाजरी मुलगी अदृश्य होणारी. दहा वर्षांचं पोरगं एका जागी न ठरणारं. कुठल्याही घरात जा, सुपरपॉवर्स याच असतात! नवऱ्याच्या कोटावर सोनेरी केस सापडल्यावर हेलनचा जो चेहरा होतो आणि नंतर आरशात स्वतःकडे बघताना ती जो सुस्कारा सोडते, तो ॲनिमेशनमध्ये जमवणं म्हणजे कमाल आहे. दिग्दर्शक ब्रॅड बर्डला ही गोष्ट करिअर आणि घर यांच्या ओढाताणीतूनच सुचली होती. ऑस्करवाल्यांनी बेस्ट ॲनिमेटेड फिल्मचं अवॉर्ड दिलं ते उगाच नाही.

मग टोचतं काय?

टोचतो बडी. सुरुवातीला येतो बघा, केप लावलेला, मिस्टर इन्क्रेडिबलचा तो चिकट फॅन. या पोराला जन्मजात काहीच मिळालेलं नाही. ना ताकद, ना वेग. पण पठ्ठ्याने डोकं लढवून रॉकेटवर उडणारे बूट बनवलेत. स्वतः! या वयात! आणि तो हीरोला एवढंच म्हणतोय की मला सोबत घे. हीरो त्याला झटकून टाकतो. मी एकटाच काम करतो, म्हणतो. पोलिस त्याला घरी पोचवतात. हाच बडी मोठेपणी सिंड्रोम नावाचा व्हिलन होऊन परत येतो.

आता हे मान्य की तो मोठेपणी जे करतो त्याला माफी नाही. आपला रोबो तयार करण्यासाठी तो एकामागून एक सुपरहीरो मारत जातो, तो खुनीच आहे. पण त्याचा शेवटचा प्लॅन आठवतोय? मनसोक्त हीरोगिरी करून झाली की म्हातारपणी आपले सगळे शोध विकून टाकायचे. म्हणजे वाट्टेल तो सुपर होईल. आणि सगळेच सुपर झाले की सुपर कोणीच उरणार नाही. सिनेमा हे असं सांगतो, जणू खुनांपेक्षाही भयंकर काहीतरी चाललंय.

गंमत अशी की हेच वाक्य थोड्या फरकाने आधी एकदा येऊन गेलेलं असतं. डॅशच्या तोंडून. आई समजावते की बाळा, प्रत्येकजण खास असतो. तर हे चिरंजीव गाडीत तोंड फुगवून म्हणतात, म्हणजे कोणीच खास नसतो. व्हिलनच्या तोंडी हा विचार आला की आपण घाबरायचं आणि हीरोच्या पोराच्या तोंडी आला की त्याची बाजू घ्यायची. विचार तर एकच आहे! काही थोडे लोक वरून खास बनून येतात. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

तुम्ही म्हणाल, बाई, कार्टून आहे, किती विचार करतेस! पण हेच वाक्य आपण दर वर्षी ऑफिसात ऐकतो की. अप्रेझलच्या वेळी. टीममधले आठही जण जीव तोडून राबलेत हे मॅनेजरला दिसत असतं. पण बेल कर्व्ह नावाची घंटा गळ्यात असते. टॉप रेटिंग एकालाच. कारण सगळ्यांना दिलं तर त्याला अर्थ काय राहिला?

आमच्या टीममध्ये एक मुलगी आहे. तालुक्याच्या गावातून आलेली, मराठी माध्यमातली. पहिल्या वर्षी कॉलवर तोंड उघडायला घाबरायची. आज अख्ख्या फ्लोअरचं रिपोर्टिंग तिने लिहिलेल्या मॅक्रोवर चालतं. सगळं स्वतः शिकलेली, रात्री जागून. आणि तिच्याबद्दल लोक काय बोलतात? 'मेहनती आहे हं.' हे कौतुक नसतं बरं का. 'ब्रिलियंट' हा शब्द दुसऱ्या कोणासाठी तरी राखून ठेवलेला असतो. आपल्या घरांमध्येही तेच. एका भावंडाला 'उपजतच हुशार' म्हणायचं आणि दुसऱ्याला 'घासून घासून मार्क काढतो'. ज्याने बूट स्वतः बनवले, त्याच्याकडे कायम जरा संशयानेच बघायचं.

वाटलं होतं, २०१८ च्या दुसऱ्या भागात तरी हिशेब चुकता होईल. हेलन कामावर जाते, बॉब घरी बसून पोराच्या गणिताशी झटापट करतो, हे सगळं एकदम मस्त. पण व्हिलन कोण निघतं? सांगून टाकते, इतकी वर्षं झालीत. पुन्हा एकदा कुठलीही पॉवर नसलेली, डोक्याने यंत्रं बनवणारी बाई! दोन सिनेमे, दोन्हीकडे गुन्हेगार इंजिनिअर. पुण्यात राहून हे किती सहन करायचं?

तरीही मी या सिनेमावर फुली मारू शकत नाही. कारण त्याच्याकडे एडना आहे. एवढीशी बाई, भलामोठा चष्मा, जबरदस्त ॲटिट्यूड. पॉवर शून्य. पण तिने शिवलेल्या सूटशिवाय या सगळ्या दैवी मंडळींचं पान हलत नाही. कुठलं कापड जळत नाही, कुठलं ताणलं तरी फाटत नाही, आणि वर मशीनमध्ये धुता येतं, हे सगळं तिने कष्टाने मिळवलेलं. तिला आवाज दिलाय खुद्द ब्रॅड बर्डने. सिनेमा ज्याने बनवला त्याने स्वतःसाठी उडणारा हीरो घेतला नाही, कारागीर घेतली. का, ते त्यालाच ठाऊक. पण मला हे बघून दर वेळी बरं वाटतं. आणखी एक गोष्ट. बेटावर सिंड्रोमसमोर हतबल पडलेला असताना बॉब त्याला म्हणतो की मी तुझ्याशी तसं वागायला नको होतं. तोवर फार उशीर झालेला असतो, पण तो म्हणतो खरं. म्हणजे सिनेमालाही हा काटा कुठेतरी टोचत असावा.

परवा बहिणीच्या मुलाला दाखवला. वय वर्षं आठ. माझी खात्री होती, हा डॅशवर लट्टू होणार. उडणाऱ्या बुटांपाशी त्याने मला सिनेमा थांबवायला लावला.

'मावशी, हे त्याने स्वतः बनवले?'

'हो.'

'कोणी शिकवलं नाही?'

'नाही.'

'मग त्याला सोबत का नाही घेतलं?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी प्ले दाबलं. सिनेमा संपला, त्याला आवडलासुद्धा, चाळीतल्या जिन्यावरून डॅशसारखा पळूनही झालं. रात्री झोपायच्या आधी मात्र त्याने माझ्याकडे पुठ्ठा, सेलोटेप आणि दोन रिकाम्या बाटल्या मागितल्या. बूट बनवायचे होते.

मी दिल्या. आणि मला सोबत घेशील का, असंही विचारून ठेवलं.