रेशनचा तांदूळ आला, पण वाल कुठे गेले?



महागाईच्या गप्पा आपण रोज मारतो, पण ताटातल्या कालवणाचा हिशेब कुणी मांडत नाही. निडी, नागोठणे, रोहे या पट्ट्यात भात घरचे. शिवाय प्राधान्य कुटुंबाला रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. म्हणजे भाकरीची चिंता बरीचशी मिटली. पैसा जातो तो भाकरीबरोबर काय खायचे यावर. दुकानातली तूरडाळ, तेलाची पिशवी, पोरांना बिस्किटाचे पुडे.

खरे तर आपले स्वस्त कालवण आपल्याच शेतात आहे. भातकापणीनंतर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर वाल येतो. पाणी द्यावे लागत नाही. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, त्याचा फायदा पुढच्या भातालाही होतो. चार वाट्या वाल रात्री भिजत घाला, सकाळी फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड येतात. कांदा, लसूण, दोन आमसुले, गुळाचा खडा, की बिरडे तयार. नारळ नसला तरी अडत नाही. सोलायला वेळ लागतो हे खरे, आणि ते काम बाईच्याच अंगावर पडते. टीव्हीसमोर बसल्या बसल्या पुरुषांनीही मूठभर सोलावेत!

तेवढी सवड नसेल तर कुळथाची पिठी. भाजलेल्या कुळथाचे पीठ डब्यात असले की लसणाच्या फोडणीत पाणी उकळायचे, आमसूल टाकायचे, पीठ कालवून सोडायचे. दहा मिनिटांत घरादाराचे कालवण होते. सोबत भाजलेला सुका जवळा. वाल काय, कुळीथ काय, शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमहून जास्त प्रथिने. नुसत्या भाताची उणीव त्यातून भरून निघते.

मग वाल पेरत का नाही? बांधावर विचारले की उत्तर ठरलेले: "साहेब, पेरून कोणाच्या गुरांना घालू?" यात खोटे काही नाही. कापणी संपली की गुरे मोकळी सुटतात. एकट्याला कुंपण परवडत नाही, आणि एकट्याचेच शेत हिरवे असले की साऱ्या गावाची गुरे तिथेच. आम्ही शेतीखात्याची माणसेही बियाण्यावर बोलतो, राखणीवर बोलत नाही.

म्हणून सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना सांगणे आहे. कोंडवाड्याची सोय १८७१ च्या कायद्यापासून आहे. आपल्या गावच्या कोंडवाड्याची आज काय अवस्था आहे, एकदा जाऊन पाहा. पण नुसता दंड करून भागणार नाही, गुरेवालाही आपलाच आहे. त्याला पेंढा कमी पडत असेल तर त्याचाही विचार व्हावा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, म्हणजे कापणीच्या आधीच, गुरे कधीपर्यंत बांधायची, राखणदार कोण आणि त्याला घरटी काय द्यायचे, हे ठरवून ठरावात लिहून घ्या. लगतच्या दहा-बारा शेतकऱ्यांनी एकदम पेरले तर राखण वाटून घेता येते. घरात बी नसेल तर शेजारीपाजारी आतापासूनच विचारून ठेवा.